दालन शेवटी, यादी आधी

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयाची चिटणीस आहे. वाचनालय शासनमान्य, 'क' वर्गातलं. देवळाच्या आवारात आणि ओढ्याकाठी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, आहेत; त्यातल्या काहींना यंदा जत्रेआधी ऑइलपेंट फासला गेला. तीन-चार घरांत मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, पण घरचे ते दाखवायला बिचकतात. ग्रामपंचायत जुनी चावडी द्यायला तयार आहे, तिथे वस्तुसंग्रहालय करायचं आमच्या गटाने ठरवलं. एक सल्लागार म्हणतात, नवीन प्रतिष्ठान नोंदवा, मी तीस लाखांचा प्रस्ताव करून देतो, मंजूर झाला की दहा टक्के द्या. अनुदान नेमकं मिळतं कुठून? नवी संस्था काढावी का? मुलांना या कामात घेतलं की पालक 'अभ्यास बुडतो' म्हणतात, त्यांना काय सांगू? पुढच्या वर्षी पंचायतीची निवडणूक आहे, म्हणून घाई आहे.

उत्तर : ताई, सल्लागारांचा विषय आधी उरकून टाकू, कारण तो सगळ्यात सोपा आहे. त्यांना नमस्कार करा आणि सोडा. अनुदान ज्या शीर्षाखाली मंजूर होतं त्याच शीर्षाखाली खर्चावं लागतं, आणि 'प्रस्ताव लिहिणाऱ्याची टक्केवारी' असं शीर्ष मी आजवर कुठल्या अर्जात पाहिलेलं नाही. मंजुरीपूर्वीचा खर्चही सहसा धरत नाहीत. मग तीस लाखांवरचे तीन लाख येणार कुठून? फुगवलेल्या बिलांतून. आणि पैसे ठरल्या कामीच खर्चले असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सही त्यांची नसणार, चिटणीस म्हणून तुमची असणार. आकडा तीस लाखांवर का गेला, याचं उत्तरही त्या दहा टक्क्यांत असावं असा माझा संशय आहे. लिहिण्यात मदत हवीच असेल तर ठरावीक मानधन ठरवा आणि ते वर्गणीतून द्या.

नवी संस्था अजिबात काढू नका. तुमच्या हातात जे आहे त्याची किंमत तुम्हाला कळलेली दिसत नाही. वाचनालय नोंदलेलं आहे. आपल्याकडे अशा बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. शिवाय तुमचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं, ग्रंथालय संचालनालयाकडे अहवाल जातो, सभांची इतिवृत्तं आहेत. अनुदान देणारा सगळ्यात आधी तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतो. नव्या प्रतिष्ठानाला ते जमवायलाच तीन वर्षं लागतील, तुमच्या कपाटात ते आज आहेत.

वाचनालयाची घटना मात्र काढून वाचा. उद्देशांत 'वाचनाची आवड वाढवणे' एवढंच असेल, तर 'स्थानिक इतिहासाच्या साधनांचे संकलन, जतन व शिक्षण' हे कलम सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या आणि घटनादुरुस्ती धर्मादाय कार्यालयात दाखल करा. तिथे वेळ जातो, म्हणून हे काम पहिलं. त्याच्या जोडीने प्राप्तिकराची १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आहे का, तिची मुदत कधी संपते, हे तुमच्या सनदी लेखापालांना विचारा, आणि निती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर संस्थेची नोंद करा. या कामासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. वाचनालय चालवायला शासन देतं त्या परिरक्षण अनुदानाचा एक रुपयाही इकडे वळला, तर पुढच्या तपासणीत वाचनालयाचाच वर्ग धोक्यात येईल.

आता तीस लाखांच्या दालनाकडे येऊ. मला तो बेत आवडला नाही. लहान गावातल्या संग्रहालयांचं दुखणं उद्घाटनानंतर सुरू होतं. कुलूप कोण उघडणार, वीजबिल कोण भरणार, पावसाळ्यात ओल आली तर कोण धावणार? काचेच्या कपाटांना पैसे देणारे सापडतात, राखणदाराच्या पगाराला कुणी मिळत नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे आणि ती लहान, स्थानिक संग्रहालयांनाही खुली आहे, पण तिथे विचारणार की तुमचा संग्रह काय, तो कुणाच्या मालकीचा, त्याची नोंदवही कुठे आहे. आज तुमच्याकडे काय आहे? वीरगळ देवळाच्या आवारात, कागद लोकांच्या माळ्यावर. वाचनालयाच्या मालकीचं त्यात काहीच नाही, आणि नसलं तरी चालतं. मात्र गावात काय-काय आहे हे कागदावर नसेल, तर कुठल्याही दारात उभं राहता येणार नाही.

म्हणून पहिलं वर्ष फक्त यादीचं. यादी म्हणजे फोटोंचा व्हॉट्सअ‍ॅप गट नव्हे. एकेका वीरगळाला क्रमांक द्या. जागा नकाशावर टिपा. उंची, रुंदी, जाडी टेपने मोजा. फोटो समोरून आणि दोन्ही बाजूंनी घ्या, शेजारी मोजपट्टी उभी करून. शक्यतो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात घ्या, म्हणजे झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं. मग कप्प्यांची नोंद. बहुतेक वीरगळांत खालच्या कप्प्यात लढाई किंवा पडलेला वीर असतो, मधल्यात त्याला नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या कप्प्यात गायी असतील तर तो गोधन राखताना पडलेला माणूस. हे निरखायला आठवीच्या मुलीला डॉक्टरेट लागत नाही. कुठे अक्षरं दिसली तर कागद लावून, खडू फासून ती उठवू नका, फोटो काढा आणि जाणकाराला पाठवा.

दगड हलवू नका. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतं. 'सुरक्षित राहावा' म्हणून ओढ्याकाठचा वीरगळ ट्रॅक्टरने चावडीत आणला तर दोन गोष्टी बिघडतील : कायद्याची अडचण उभी राहील, आणि तो तिथेच का उभा होता हा पुरावा पुसला जाईल. खरंच धोका असेल, म्हणजे ओढ्याचा काठ ढासळतोय किंवा रस्तारुंदीकरण येतंय, तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या पुणे कार्यालयातल्या सहायक संचालकांना लेखी कळवा आणि पत्राची पोच घ्या. ऑइलपेंटचंही तसंच. थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन उत्साही तरुण मंडळ निघालं तर त्यांना अडवा, कारण रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. रंग काढणं हे प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे, आणि हाच तुमच्या पुढच्या अर्जाचा एक नीटस, छोटा भाग होऊ शकतो. शेंदूर लावलेले, पूजेत असलेले दगड तर आहेत तसेच राहू द्या, फक्त नोंदवा.

कागदांचं प्रकरण नाजूक आहे. घरचे बिचकतात ते उगीच नव्हे. वतनाचे, वाटणीचे, गहाणखताचे कागद बाहेर गेले तर भाऊबंदकीतला जुना दावा पुन्हा उकरला जाईल, ही भीती खरी आहे. शिवाय 'संशोधनाला नेतो' म्हणून नेलेले रुमाल परत न आल्याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणून कागद मागूच नका. स्कॅनर किंवा कॅमेरा-स्टँड घेऊन त्यांच्या ओसरीवर बसा, त्यांच्यासमोर फोटो घ्या, रुमाल त्यांच्यासमोर बांधा आणि सगळ्या प्रतिमांची एक प्रत त्याच दिवशी त्यांच्या हातात द्या. एका पानाचं संमतीपत्र करा : मूळ कागद घरमालकाचे, प्रतिमा वाचनालयात, अमुक कागद वीस वर्षं कुणाला दाखवायचे नाहीत अशी अट घालण्याचा हक्क मालकाचा. हा शेवटचा मुद्दा लिहून दिला की निम्मी दारं उघडतात. कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नको. मूळ प्रतिमा ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइलीत ठेवा, दाखवायला हलकी जेपेग, आणि दोन हार्डडिस्क दोन वेगळ्या घरांत.

मोडी वाचणारं गावात कुणी नसेल, तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिकडे वाचनालयातल्या दोघांना पाठवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामात आहे, अवघड कागद दाखवायला तिथे जाता येईल. पण यादी करायला पूर्ण वाचन लागत नाही. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि अक्षरं तिला टांगायचा. ती रेघ, वरचं 'श्री' आणि तारखेतलं 'छ' हे अक्षर ओळखता आलं, म्हणजे 'छ' पुढचा आकडा हा चांद्र दिवस, त्याच्या शेजारी रबिलावल-जमादिलावल असा मुसलमानी महिना, एवढं कळलं, तरी रुमालातले कागद काळाप्रमाणे ढोबळ लावता येतात.

आणि एक. वीरगळ आणि वतनाचे कागद यांतून गावातल्या मोजक्या घरांचाच इतिहास दिसेल. बाकीच्या आळ्यांकडे कागद नाहीत, आठवणी आहेत. दुष्काळात कोण कुठे गेलं, गिरणीच्या संपात किती घरं मुंबईहून परतली, जात्यावर काय गायलं जायचं. संशोधक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूने गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या, प्रत्येक ओवी कुणाची आणि कुठल्या गावची यासकट, म्हणून ते धन आज वापरता येतं. तुमच्याकडे ऐंशीच्या पुढची माणसं किती, याची यादी वीरगळांच्या आधी करा. दगड थांबतील.

आता अनुदान. 'स्थानिक इतिहास' या नावाचं एकच खातं कुठे नाही, म्हणून तुमचं काम तुकड्यांत मांडावं लागेल आणि प्रत्येक तुकडा त्याच्या-त्याच्या दारात न्यावा लागेल.

हस्तलिखितांसाठी केंद्राने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं, २०२५ च्या अर्थसंकल्पापासून त्याला 'ज्ञान भारतम्' असं नवं रूप मिळालं आहे. इथे एक खाच आहे, जिच्यात पुष्कळ अर्ज अडकतात. मिशनच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षं जुना, हाताने लिहिलेला, ज्ञानविषयक मजकूर असलेला ग्रंथ. महसुली कागद, फर्मानं, शिलालेख हे ऐतिहासिक दस्त, ते या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे कुणाच्या देवघरात वैद्यकाची किंवा ज्योतिषाची पोथी असेल तर ती इथे, वतनाचे रुमाल इथे नाहीत. रुमाल दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वयंसेवी संस्थांना साहाय्य देणाऱ्या योजनेत बसतात का, हे विचारून पाहा. अशा योजनांत खर्चाचा काही हिस्सा संस्थेने उचलायचा असतो, तेव्हा तो कुठून येणार हे आधी ठरवा.

बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली, सरकारबाहेरची संस्था आहे. ती व्यक्तीलाही अनुदान देते, आणि प्रस्ताव भारतीय भाषांत लिहिलेला चालतो, म्हणजे इंग्रजीचं दडपण नको. पण तिचा रोख कला आणि संस्कृतीवर आहे. ओव्या, जत्रेतली सोंगं, वीरगळांवरचं कोरीव काम असा एखादा धारदार प्रश्न घेऊन गेलात तर ऐकतील. 'गावचा समग्र इतिहास' घेऊन गेलात तर नाही. वारसा जपण्याचं काम करणाऱ्या 'इन्टॅक' या १९८४ पासूनच्या संस्थेकडून मोठ्या पैशाची अपेक्षा ठेवू नका, शाळेत वारसा मंडळ सुरू करायला आणि संवर्धक शोधायला मात्र तिचा उपयोग होतो.

जिल्हा नियोजन समितीकडे जायचा सल्ला तुम्हाला पुढाऱ्यांकडून हमखास मिळेल. तिथला वारशाचा पैसा गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी असतो आणि तो बांधकामाकडे झुकतो. तुमचे वीरगळ संरक्षित यादीत नसतील तर वर्षभर चपला झिजवून हाती फरशी बसवण्याचं काम येईल, आणि त्या फरशीखाली नेमका एखादा वीरगळ जाईल.

जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांचा विचार जास्त करा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणही आहे आणि वारसा-संस्कृतीचं जतनही, त्यामुळे तुमचं काम दोन्हीकडे बसतं. यासाठी संस्थेकडे १२-ए, ८०-जी, तीन वर्षांचा कामाचा पूर्वेतिहास आणि 'सीएसआर-१' नोंदणी (कंपन्यांचा असा सामाजिक निधी घेणाऱ्या संस्थांची) हवी. ही नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन ओळख करून ठेवा आणि नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जागा मागा. मार्चअखेरीला उरलेला पैसा देणारेही भेटतात, पण तो 'आठ दिवसांत खर्चून दाखवा' अशा अटीवर येतो. कंपन्यांना डोळ्यांना दिसणारं काही हवं असतं. वीरगळांजवळचे माहितीफलक आणि शाळेचा उपक्रम त्यांच्याकडे न्या, स्कॅनिंग नको.

परदेशी अनुदानांची नावं तुम्ही ऐकली असतील, उदाहरणार्थ ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरांसाठीचा कार्यक्रम. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा, त्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी पैसा खात्यात घेता येत नाही. आत्ता तो विषय बाजूला ठेवा.

प्रस्तावाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हरतात ते इथे. तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेल्या प्रस्तावाच्या मसुद्याची सुरुवात अशी आहे : 'आमच्या गावाला समृद्ध ऐतिहासिक वारसा लाभला असून त्याचे जतन व संवर्धन करणे ही काळाची गरज आहे.' हे वाक्य राज्यातल्या कुठल्याही गावाला लागू पडतं, म्हणून वाचणारा ते वाचतच नाही. त्याजागी तुमची यादी बोलू द्या. समजा, यादीत असं निघालं : 'गावातल्या चार घरांत मोडी कागदांचे नऊ रुमाल आहेत. दोन रुमाल गेल्या पावसाळ्यात भिजले, एकाला कसर लागली आहे. तीन घरांची लेखी संमती सोबत जोडली आहे. आम्ही हे कागद बारा महिन्यांत, घरमालकांच्या ओसरीवरच स्कॅन करून त्यांची सूची तयार करणार आहोत.' इथे काय आहे, काय बिघडतंय, कोण तयार आहे आणि किती दिवसांत काय हातात येईल, हे चार ओळींत समजतं. आकडे अर्थात तुमच्या यादीतले टाका.

अंदाजपत्रकात लोक यंत्रं लिहितात आणि माणसं विसरतात. मोडी वाचकाचं मानधन, स्कॅन करणाऱ्या मुलाचा रोज, दुसरी हार्डडिस्क, लेखापरीक्षकाची फी, वर्षभराचा प्रवास हे सगळं धरा. कॅमेरा विकत घेण्यापेक्षा भाड्याने मिळतो का पाहा. छोट्या संस्थेच्या अर्जात महागडा कॅमेरा दिसला की तो कुणाच्या घरी राहणार असा प्रश्न पडतोच. पहिला अर्ज दोन-अडीच लाखांच्या आत ठेवा. लहान रक्कम वेळेत खर्चून, हिशेब देऊन दाखवली की दुसऱ्या अर्जाला बळ येतं. अनुदान हप्त्यांनी येतं आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर, कधीकधी फार उशिरा. तोवरचा खर्च कोण उचलणार याची सोय नसेल, तर मंजुरीपत्र हातात असूनही काम अडतं. अशा वेळी जत्रेला गावी येणारी मुंबई-पुण्याची मंडळी उपयोगी पडतात. त्यांच्याकडे देणगी मागताना 'संग्रहालयासाठी' असं मोघम मागू नका, 'एका रुमालाच्या स्कॅनिंगचा खर्च' मागा आणि ८०-जीची पावती द्या.

पालकांना वादात घेऊ नका. नववीचा एक वर्ग, एक वीरगळ, दोन तास, एवढंच आधी करा. मापं घेताना भूमिती आली, नोंद लिहिताना मराठी आली, आजीची मुलाखत घेताना प्रश्न विचारणं आलं. त्या मुलाखती शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकवा. ज्या आईने 'अभ्यास बुडतो' म्हटलं, तिच्याच सासूचा आवाज तिथे असला की पुढचं बोलणं सोपं जाईल. मात्र मुलांना फुकटचे मजूर समजू नका. दहावीच्या वर्गाला यात ओढू नका, आणि मोडी कागद मुलांच्या हातात देऊ नका, प्रतिमा द्या.

राहिली चावडी. ती सोडा असं मी म्हणत नाही, फक्त आज तिच्यावर पैसे लावू नका. सरपंचांचा तोंडी शब्द निवडणुकीनंतर कुणालाच बांधील नसतो. येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घेऊन ठराव करा : चावडी वाचनालयाला किती वर्षांसाठी, कुठल्या कामासाठी, वीजबिल आणि डागडुजी कुणाकडे. लांब मुदतीच्या कराराला वरची मंजुरी लागते, तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी बोला आणि ठरावानंतर करार नोंदवून घ्या. ठरावाच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागा. आचारसंहिता लागली की ती प्रतही मिळणं मुश्कील होतं.